पाच सिलिंडरांवर चालणारा ट्रक

कुठलंही जुनं इंजिन उघडा, आत पार्ट कमी आणि किस्से जास्त निघतात. तात्यांचा ट्रक शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये उभा होता, तेव्हा दर रविवारी त्याचा एखादा पार्ट बसायचा आणि त्याच्याबरोबर एखादा किस्सा मोकळा व्हायचा. पार्ट सगळे ट्रकाबरोबर गेले, किस्से माझ्याकडं राहिले. आता त्या कोपऱ्यात ऑइलचा मोठा डाग आहे. कामगार त्यावर भुसा टाकायला जातात आणि मी उगीचच त्यांच्यावर ओरडतो. खरं सांगतो, रविवारी करमत नाही. मग चहाला कुणी सापडला की मी सुरू होतो. आज तुम्ही सापडलाय.

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे दोस्त. गाव मलकापूरच्या पलीकडं, शाहूवाडीच्या डोंगरात. मिलिटरीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेला एक पेट्रोल ट्रक त्यांनी घेतला आणि त्याच डोंगरात भात, लाकडं, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. पुढं टेम्पो आले, पेट्रोल परवडेना, आणि ट्रक घराशेजारच्या फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. मग तात्यांच्या पत्नी पारूकाकू गेल्या. घराला कुलूप लागलं आणि तात्या कोल्हापुरात मुलाकडं आले.

एक दिवस शेडवर येऊन म्हणाले, "डाव्या गुडघ्याचं काय खरं न्हाय. क्लच दाबतोय तवर एकदा गाडी माझ्या दारात न्हेऊन लावायची हाय. तिच्या इंजिनावर. वढून न्हाय."

आता असल्या माणसाला नाही कोण म्हणणार? मी पडलो लेथवाला, लोखंड कातणारा, मला टर्निंग सोडून काही येत नाही. म्हणून दोघांना धरून आणलं. एक दिलीप मेस्त्री. डिझेल इंजिनातला दादा माणूस, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. दुसरा आमचा बाहुबली. हातकणंगल्याकडचा जैन शेतकरी, गावात स्पेअर पार्टचं दुकान. जुना पार्ट हुडकून काढावा तर त्यानंच.

*

ट्रक टोचन करून आणला. दिलीपनं पहिल्याच रविवारी एअर क्लीनर उघडला, तर आत गच्च भात! उंदरांनी वर्षानुवर्षं साठवलेलं, वाळून खडखडीत झालेलं.

दिलीप म्हणाला, "तात्या, तुमची गाडी पेट्रोलवर चालत हुती का भातावर?"

तात्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर करून बघितले, एक दातांखाली धरला आणि म्हणाले, "हे आमचं न्हवं. आमचं बारीक दाण्याचं. हे जाडं हाय. हौसावैनीचं."

हौसावैनी म्हणजे त्यांची शेजारीण. मधे नुसतं कुंपण. दरवर्षी वैनींच्या कणगीतलं भात कमी भरायचं आणि दरवर्षी त्या पारूकाकूंच्या कोंबड्यांवर आळ घ्यायच्या. कुंपणापाशी कडाक्याची भांडणं व्हायची. आठ-आठ दिवस अबोला. पारूकाकूंनी तर एकदा रागाच्या भरात सगळ्या कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या होत्या.

"आणि चोर माझ्याच गाडीत बसलेला," तात्या म्हणाले. बराच वेळ हसले. मग ते चार दाणे त्यांनी खिशात टाकले आणि म्हणाले, "पारूला कळाय पायजे हुतं."

*

पुढं पेट्रोल आलं, हवा आली, इंजिन सुरू होईना. बाहुबलीचं म्हणणं, प्लगला करंट नाही.

दिलीपला पेट्रोल इंजिनाचा मनापासून तिटकारा. "आमच्या डिझेलात ही प्लगची भानगडच न्हाय. पेट्रोल म्हंजे नुसता नाजूक कारभार," असं त्याचं चालू होतं. आणि तेवढ्यात बोलता बोलता त्यानं प्लगची वायर उघड्या हातानं धरली आणि बाहुबलीला म्हणाला, "मार हँडल."

मी म्हणालो, "अरे, वायर पक्कडीत धर की."

"गप बस. काय हुतंय त्याला?"

बाहुबली सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्यानं ताकद लावून इंजिन फिरवायचं हँडल मारलं. पुढच्या क्षणी दिलीप मेस्त्री जमिनीवर बसलेले आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी बॅटरीपाशी.

दिलीपनं उठून टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "करंट हाय."

*

बाहुबलीची एक अडचण होती. दिवस मावळला की तो जेवत नाही. त्यांच्या घरात सगळेच तसे, पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळं संध्याकाळ झाली की याचा डबा उघडायचा, मग काम कुठंही आलेलं असू दे.

एका रविवारी इंजिन धरतंय धरतंय असं वाटायला लागलं. त्या ट्रकाला माणसं दोन लागायची. एकानं पुढं हँडल मारायचं, दुसऱ्यानं आत बसून बरोबर वेळेला अॅक्सिलरेटर द्यायचा. दिलीप पुढं, बाहुबली आत. दिवस टेकलेला. बाहुबलीचा पाय पेडलवर, मांडीवर डबा, एक डोळा दिलीपवर आणि एक सूर्यावर.

दिलीपनं हँडल मारलं, आणि इंजिन लागलं की! इतक्या वर्षांनी, काळा धूर सोडत, सगळी शेड हलवत. मी तर नाचायच्या बेतात होतो. पण हादऱ्यानं मांडीवरचा डबा घसरला, तो धरायला बाहुबली वाकला, पाय सुटला आणि इंजिन बंद.

दिलीप हँडल घेऊनच दारापाशी गेला. "भाकरी धरलीस आणि इंजिन सोडलंस?"

बाहुबली शांतपणे घास घेत म्हणाला, "इंजिन परत लागंल. दिवस परत वर येणार हाय काय आज?"

तात्या बाजूला स्टुलावर बसले होते. म्हणाले, "पारू बसायची तिथं. मी नुसतं हँडलाला हात घातला की तिचा पाय पेडलवर. तिला कधी सांगाय लागलं न्हाय." आणि मग स्वतःशीच, "तिला कुणी शिकवलं बी न्हवतं."

त्यानंतर बाहुबली डबा मांडीवर घेऊन बसला नाही. आधीच खाऊन यायला लागला.

*

पहिली ट्रायल घेतली ती एप्रिलातल्या दुपारी. अक्कल असती तर सकाळी घेतली असती. पंचगंगेच्या पुलावर मधोमध गाडी बंद. मागं ही लाईन लागली. हॉर्न, शिव्या, सगळं आलं.

एकजण काच खाली करून म्हणाला, "पावणं, लढाई संपली. गाडी बाजूला घ्या की."

तात्या स्टेअरिंगवर मजेत. म्हणाले, "पंप तापलाय. पेट्रोलची आतल्या आत वाफ झालीया. वल्लं फडकं टाका, चालंल. वाळवंटात आम्ही असंच करायचो."

फडकं होतं, पाणी नव्हतं. नदी खाली एवढी वाहत होती, पण ती पुलाच्या खाली. शेवटी बाहुबलीनं आपली ताकाची बाटली काढली. जड हातानं काढली, हे सांगायलाच पाहिजे. फडकं ताकात भिजवून दिलीपनं पंपाला गुंडाळलं. जरा वेळानं हँडल मारलं आणि गाडी लागली.

शेडवर येईपर्यंत इंजिनाला आंबूस वास सुटलेला. दिलीप म्हणाला, "हयातीत पयल्यांदा ताकावर चालणारी गाडी बघितली."

बाहुबली म्हणाला, "मीठ कमी हुतं. न्हायतर पळाली असती."

*

आता सगळं झालं होतं, एक सोडून. सहा सिलिंडरांतलं एक मारत नव्हतं. गाडी मिसिंग करायची. पाच ठोके सरळ आणि सहाव्याला भक्कन खाली जायची, लंगडल्यासारखी. आम्ही प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर दोनदा खोलला. मिसिंग जाईना. दिलीपला झोप लागेना. त्याची बायको मला फोन करून म्हणाली, "भावजी, ह्यांनी जेवताना बी बोटांनी ताटावर ठोकं मोजायला लागल्यात."

शेवटी हेड उतरवलं तेव्हा सापडलं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती, म्हणजे गाइड, मी लेथवर नवी काढली, दिलीपनं व्हॉल्व्ह घासून बसवला. इंजिन लावलं तर काय सांगू तुम्हाला! रेडिएटरवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, थेंब सांडला नाही. दिलीपनं मला मिठी मारली, माझा शर्ट काळा झाला. बाहुबली पेढे आणायला पळाला.

आणि तात्या? स्टुलावर बसून नुसते ऐकत होते.

"तात्या, काय झालं?"

"लई ग्वाड चालतीया."

"मग चांगलंच की."

"चांगलंच हाय. पण ही माझी गाडी न्हवं."

दिलीपचं तोंड उतरलं. एवढी मेहनत केलेली. तात्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि पाठीवर हात ठेवला.

"तुझ्या कामात खोट न्हाय बाबा. पण ही गाडी मी घेतली तवापास्नं लंगडीच हाय. आमच्या घराच्या खाली एक वळण हाय. त्या वळणावर आलो की पारूला आवाज कळायचा. रस्त्यानं दहा ट्रक जायचं, पण लंगडा एकच. कळला की चुलीवर आधण ठेवायची. मी चढ चढून दारात, हातपाय धुतूय तवर भात शिजलेला. बारा वर्सं मी तिच्या हातचं गार भात खाल्ला न्हाय."

बाहुबली पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा होता. तो पुडा त्या दिवशी कुणी फोडला नाही. मला माझे वडील आठवले, त्यांच्या सायकलची चेन वाजायची ती आठवली. उगीचच लेथ पुसत बसलो.

दिलीपनं विचारलं, "तात्या, परत बिघडवू?"

तात्या हसले. "खुळा हायस काय? नीट केलेलं कुणी बिघडवतंय व्हय?"

*

पुढच्या रविवारी सकाळी लवकर निघालो. तात्या स्टेअरिंगवर, शेजारी मी, मागं दिलीप आणि बाहुबली. ताकाच्या दोन बाटल्या बरोबर. कोल्हापूर गेलं, बांबवडे गेलं, मलकापूरला चहा झाला. गाडी अशी चालत होती की दिलीप मागून ओरडून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आवाज बघा, आवाज!" तात्या दर क्लचला दात आवळायचे. मी म्हणालो, मी घेतो थोडी. त्यांनी नकाराची मान हलवली.

मलकापूर सोडून डोंगराला लागलो. घराच्या खालच्या वळणावर तात्यांनी गाडी थांबवली. दिलीप पाना घेऊनच खाली उडी मारून आला.

"काय झालं? तापली?"

तात्या उतरले, गुडघा धरत पुढं गेले, बॉनेट उघडलं. हाताला फडकं गुंडाळलं आणि तिसऱ्या प्लगची वायर ओढून काढली.

दिलीप म्हणाला, "आवो तात्या, मिसिंग करंल की!"

"व्हय."

वायरचं टोक कुठं टेकू नये म्हणून दिलीपनं ते आपल्या रुमालात गुंडाळून बाजूला बांधलं आणि बॉनेट हळू लावलं.

मग गाडी चढाला लागली. पाच ठोके सरळ, सहाव्याला भक्कन खाली. लंगडत लंगडत, सगळा डोंगर वाजवत. तात्यांनी गिअर बदलला नाही, घाई केली नाही. चढ संपला तसा फणस दिसला, मग घर दिसलं. दाराला कुलूप. अंगणात गवत वाढलेलं.

तात्यांनी गाडी दारात नेऊन लावली. इंजिन चालूच होतं. हात स्विचवर होता, पण दाबला नव्हता.

कुंपणापलीकडं हौसावैनी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. पार वाकलेल्या. नजर अधू झालेली, आमच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. सूप तसंच हलवत, मान खालीच ठेवून त्यांनी हाक दिली,

"पारू, ठेव गं आधण! आलं तुझं मालक!"

सूप मधेच थांबलं.

तात्या समोरच्या कुलपाकडं बघत होते. इंजिनाचे पाच ठोके झाले, एक खाली गेला. मग त्यांनी कुंपणाकडं तोंड करून, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं,

"ठेवलंय, वैनी."