मुलाणीचाचांची मोजणी चुकली नव्हती

मुलाणीचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जामखेडला माझ्या स्टुडिओत एका साखरपुड्याच्या अल्बमची पानं लावत बसलो होतो. फोन त्यांच्या जावयाचा होता. "अब्बा गेले. असरच्या नमाजानंतर दफन हाय," एवढंच तो म्हणाला. मी शटर ओढलं, गाडीला किक मारली आणि खर्ड्याची वाट धरली. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो एक विचार, आणि तो इतका ओंगळ होता की आज सात आठवड्यांनी तो पहिल्यांदाच कागदावर उतरवतो आहे... आता कुणी विचारणार नाही. सुटलो एकदाचा.

या पुरवणीसाठी चाचांवर चार चांगले शब्द लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. चांगले शब्द शोकसभेत पुष्कळ झाले. नगरहून आलेल्या एका गृहस्थांनी तर फार हळव्या आवाजात सांगितलं की चाचांची जिद्द दांडगी होती, पण शेवटी शेवटी वयामुळे त्यांचे आकडे चुकायला लागले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत बसून मीही हलवली. त्या मान हलवण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

इस्माईल मुलाणी सरकारी मोजणीदार होते. उभी नोकरी लोकांच्या बांधावर गेली. दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि हे मधे तिवईवर यंत्र लावून एक डोळा मिटून शांत उभे. मोजणीदाराला गावात कुणी चांगलं म्हणत नाही, पण मुलाणी साहेबांनी रोवलेला दगड सहसा कुणी उपटला नाही. निवृत्तीनंतर ते खर्ड्याबाहेर मळ्यात राहायला गेले. मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. आभाळाचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं, मोटरवर फिरणारी एक जुनी दुर्बीण आणली आणि जामखेडच्या दिव्यांना कंटाळून अंधाराची जागा शोधत त्यांच्या मळ्यात जाऊन पोचलो. दुर्बीण माझी, जागा त्यांची. पुढे डोकंही त्यांचंच लागलं.

माझी अडचण साधी होती. लॅपटॉपवर ताऱ्याचं नाव दिलं की दुर्बीण आपोआप वळायची, पण थांबायची शेजारच्या गल्लीत. ठळक तारा असला तर शोधून काढता येतो. पण दूरच्या दीर्घिका डोळ्याला दिसतच नाहीत, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत मावणारं आभाळ म्हणजे हात लांब करून धरलेला तांदळाचा दाणा. अर्धी रात्र नुसती चाचपडण्यात जायची. मी तिवईला, मोटरला, ती विकणाऱ्याला शिव्या घालायचो. चाचा बाजेवर बसून ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "तू लगीच चूक काढायला धावतूस. आदी ती मोज तरी."

मग त्यांनी माझी तिवई मोडीत काढली. काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खड्डा घेतला, त्यात सिमेंटचा पिलर उभा केला, वर दुर्बीण बसवायला लोखंडी पाटी, पाटीखाली तीन नट. ध्रुवतारा आपल्याकडे फार खाली असतो, त्यांच्या मळ्यातून तो जेमतेम कडुलिंबाच्या शेंड्यावर दिसतो. दुर्बीण ज्या कण्याभोवती फिरते तो कणा आभाळाच्या नेमक्या ध्रुवाकडे रोखायचा, म्हणून नट कमीजास्त पिळत ते कित्येक संध्याकाळी तिथे बसले. कणा जुळला तेव्हा पाटी एका बाजूला थोडी कललेली राहिली. त्याची त्यांना फिकीर नव्हती. पाटी कशीही असो, कणा जागेवर हवा. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मीच नीट ऐकलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी आभाळाची मोजणी केली. दुर्बिणीला मधे फुली आखलेलं भिंग लावायचे. आभाळाच्या प्रत्येक भागातला एकेक तारा मागवायचा, तो फुलीपासून कुठल्या बाजूला किती सरकून पडला ते लांब वहीत लिहायचं. माथ्यावर एक चूक, पश्चिमेला कललं की दुसरी. नळी स्वतःच्या वजनानं लवते, दातेरी चाकं थोडी ढिली असतात. मी म्हणायचो, कॅमेऱ्यानं मोजू, लवकर होईल. त्यांना ते पटायचं नाही, जन्मभर डोळ्यानं मोजलेला माणूस. "ही चूक रोज तितकीच येती ना?" ते म्हणायचे. "मंग ती चूक न्हाई, त्यो तिचा सोभाव हाय. सोभाव कळला की भांडान मिटलं."

मी वहीतल्या आकड्यांचा तक्ता लॅपटॉपमधल्या प्रोग्रामला दिला. त्यानंतर दुर्बीण वळताना तेवढा फरक आधीच धरून वळू लागली. पहिल्याच दिवशी एक अंधूक दीर्घिका एका झटक्यात चौकटीच्या मधोमध आली. मी नाचायचाच बाकी होतो. चाचांनी फोटोकडे धड पाहिलंही नाही. शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली, लॅपटॉपच्या पडद्यावर चारही कडांपासून अंतर मोजलं आणि म्हणाले, "मधी हाय." त्यांचं सगळं सुख त्या दोन शब्दांत असायचं. पुढे माझे फोटो नगरला प्रदर्शनात लागले, माझी मुलाखत आली. खाली बारीक अक्षरात 'सहकार्य : इ. मुलाणी' असं मी छापलं होतं. ते बारीक अक्षरही मीच निवडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले. ते परतले की लगेच नगरहून तिघे हौशी आकाशनिरीक्षक आमचं काम बघायला येणार होते. मी स्टुडिओवाला. पाहुणे येणार म्हटल्यावर मला सगळं फोटोत चांगलं दिसायला हवं. पाटी गंजली होती, म्हणून काळा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन गेलो. सहज तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवली, तर बुडबुडा एका कडेला! मला वाटलं, चाचांच्या नजरेतून सुटलं वाटतं, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं बिचाऱ्यांना. मी पाना लावला, नट पिळून बुडबुडा मधोमध आणला आणि वरून झकास रंग मारला. घरी येताना मी चक्क शीळ घालत होतो.

पाहुणे आले. चाचा काळा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी बढाई मारली. "कुठलंबी नाव सांगा, मधी आनून दावतो." पाहुण्यांनी नाव सांगितलं. दुर्बीण वळली. चौकट रिकामी. दुसरं नाव, पुन्हा रिकामी. तिसऱ्या वेळी एक ठळक तारा अगदी कडेला चिकटलेला दिसला. पाहुणे सभ्य होते, कुणी हसलं नाही. त्यातले एक म्हणाले, "असू द्या चाचा, नवीन डोळा आहे." चाचा पिलरजवळ वाकले. पाटीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "दत्ता, रंग देताना नट हालला का रं?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाटी कललेली का होती, मी काय करून बसलो, सगळं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर माझी मुलाखत वाचून आलेली माणसं उभी होती.

"न्हाई चाचा," मी म्हणालो. "नुसता ब्रश फिरवला."

"मंग माझंच कायतरी," असं म्हणून ते बाजूला झाले.

मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. उद्या गेलो तर ते वही घेऊन आकडे तपासत होते, तेव्हा म्हटलं परवा सांगू. ज्याला कधी खोटं बोलावं लागलं नाही त्याला हे कळायचं नाही, आणि ज्याला लागलं त्याला मी वेगळं काय सांगू! त्या पाटीच्या नटांवर त्यांनी लाल रंगाची बारीक रेघ मारलेली होती, नटावरून खाली पाटीपर्यंत सरळ. मोजणी खात्यातली सवय. नट तसूभर हलला तरी रेघ तुटलेली दिसते. ती रेघ माझ्या काळ्या रंगाखाली होती. त्यांनी एकदा नखानं रंग खरवडला असता तर सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी खरवडला नाही. मी नाही म्हटलं होतं ना.

वैशाखात एका रविवारी मळ्यात गेलो तर चाचा कमरेएवढ्या खड्ड्यात. पिलरच्या भोवतीनं खणत होते, डोक्याला टॉवेल, हातात टिकाव. काळी माती उन्हानं आकसते, पाया खचला असेल, असं त्यांना वाटलं होतं. तळाशी मुरूम लागला. पाया जिथे बसवला तिथेच घट्ट होता, चीरसुद्धा नव्हती. त्यांनी त्याच्यावर पंजा ठेवला. "पाया जाग्यावर हाय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "म्हंजी डोळाच गेलेला हुता माझा. दोन वर्सं धुक्यातनं मोजलं मी."

"पण चाचा, इतके फोटो मधोमध आले की," मी म्हणालो. एवढी तरी लाज शिल्लक होती.

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. डोळ्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ते तूच सरकवून मधी आनत असशील गपचूप," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून. लई केलंस बाबा."

"जाऊ द्या ना चाचा," मी म्हणालो. म्हणजे मी ते मोठेपणही घेतलं. मग खड्ड्याच्या कडेचं फावडं घेतलं आणि तो खड्डा मीच बुजवला. त्या दिवसानंतर ते पिलरकडे फिरकले नाहीत. दिवाळीच्या आधी हृदयविकारानं गेले. डॉक्टरांच्या कागदावर जे लिहिलं आहे ते मी मानतो, उगाच त्यांच्या मरणाचंही श्रेय घेत नाही. पण हातातलं काम गेलेला माणूस कसा बसतो ते मी पाच-सहा महिने बघितलं आहे.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. जेवणं उरकून पाहुणे पांगले तेव्हा चाचींनी ती लांब वही माझ्या हातात दिली. "तुझ्याच कामाची हाय. घिऊन जा." मी उघडली. मोजणी खात्याची एक रीत आहे. चुकलेल्या मोजणीचं पान फाडायचं नाही. त्यावर तिरकी रेघ मारायची, 'रद्द' लिहायचं आणि सही करायची. चाचांनी प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारली होती. रद्द. इ. मुलाणी. रद्द. इ. मुलाणी... पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, एकाच ठाम अक्षरात.

मी तडक पिलरपाशी गेलो. दुर्बीण तिथेच ताडपत्रीखाली होती, ती न्यायला मला तोंड नव्हतं. ब्लेडनं नटांवरचा रंग खरवडला. लाल रेघा निघाल्या, तुटलेल्या. पाना लावून एकेक रेघ जुळवली. अंधार पडू लागला तसा लॅपटॉपवर तोच जुना तक्ता उघडला आणि ब्रह्महृदय मागितला. बरोबर फुलीवर. पश्चिमेला कललेला अभिजित मागितला. फुलीवर. मग त्यांनी मोजलेले आणखी चार. सगळे मधी.

आत जाऊन चाचींना सगळं सांगितलं. नट, रंग, पाहुणे, खड्डा, काही ठेवलं नाही. त्या ताटं पुसत होत्या. मला वाटलं शिव्या देतील, निदान रडतील. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं, माझ्याकडून वही घेतली आणि एक पान उघडून सहीवर बोट ठेवलं.

"ही सही कोन खोडनार आता?"

चाचांच्या खात्यात ज्याची सही त्यानंच ती खोडायची असते, हे चाचींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी वही पदरानं पुसली, कपाटात चाचांच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि दार लावलं. मग परत ताटं पुसायला बसल्या, मला बसही म्हणाल्या नाहीत.