उलटा राजा, सरळ गड

पाकिटावर राजाचं डोकं मुद्दाम खाली करून तिकीट चिकटवलंय कधी तुम्ही? आमच्या वेल्समध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. लंडनच्या गादीवर राग आहे ना, मग लाव उलटं. पत्र तरीही पोचतं आणि कायद्याला बोट ठेवायला जागा मिळत नाही. आमच्या आबरवेल गावात ही रीत सगळ्यात निष्ठेनं पाळली ती नेस्ट पॅरीनं. आयुष्यभर डोंगरावरच्या शेतांवर टपाल वाटलं तिनं. आमच्याकडे माणूस धंद्यावरून ओळखला जातो, त्यामुळे ती नेस्ट पोस्ट.

गावात समुद्राकाठी इंग्रज राजाचा किल्ला आहे, आम्हाला दाबात ठेवायला बांधलेला. येणारा जाणारा तोच बघतो. वर डोंगरावर आमच्याच वेल्श राजांचा गड आहे, त्याला डोमकावळ्यांचा गड म्हणतात. नेस्टची टपालाची वाट त्याच्या पायथ्यावरून जायची. आता एक ठेकेदार रस्त्यासाठी त्याचे दगड नेऊ लागला. आम्ही कौन्सिलात गेलो, तर तिथला साहेब म्हणाला, "त्या ढिगाऱ्याची बाहेरचं कुणी विचारपूस तरी करतं का?" मी टेबलावर मूठ आपटली. मला बाहेर काढलं.

मागोमाग नेस्ट आली. "झालं ओरडून? आता विचारपूस करणारी माणसं आणू या."

त्याच वसंतात जुने राजे आणि त्यांचे किल्ले यांची तिकिटं निघाली. एकावर आमच्या खालच्या किल्ल्याचं चित्र. तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का, तोही किल्ल्याच्या गावचाच हवा, म्हणून इंग्लंडातले तिकीट-संग्राहक गठ्ठेच्या गठ्ठे पाकिटं घेऊन हजर झाले. नेस्टनं पोस्टाच्या दारातच टेबल मांडलं. आमच्या गडाचा ठसा तिनं स्वतः कोरला होता. पाकिटाच्या डाव्या बाजूला तो फुकट मारून द्यायचा, उजवीकडे तिकीटही चिकटवून द्यायचं, बदल्यात त्यांनी गडासाठी कौन्सिलाला पत्र लिहायचं. खिडकीतला इद्वाल पोस्टमास्तर धडाधड शिक्के मारत सुटला.

मग मँचेस्टरच्या ऑलरनशॉ बाई किंचाळल्या. "अहो, हे काय? सगळे राजे डोक्यावर उभे!"

नेस्टनं बघितलं. गप्पांच्या नादात हातानं आपली जन्माची सवय चालवली होती.

"इद्वाल, मेल्या, तुला दिसलं नाही?"

"नेस्ट मावशी, तुमची पत्रं कायम अशीच येतात. मला हेच सरळ वाटतं!"

बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "जाऊ दे की राजाच्या डोक्यात थोडं रक्त!" नेस्टनं माझ्या पायावर बूट दाबला.

"बाई, चूक माझ्या हाताची," ती म्हणाली. "शिक्का पडलाय, आता काही निघत नाही. पण डावीकडे बघा, आमचा गड सरळ आहे. चला, खराखुरा दाखवते."

"मी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिणार!"

"जरूर लिहा. वर हवा छान आहे, तिथे बसून लिहा."

बाई तणतणत निघाल्या आणि त्यांच्यामागे अर्धी रांग. वर ठेकेदाराची गाडी उभीच होती. दोन गडी पहारीनं भिंतीच्या माथ्यावरचे दगड उचकटत होते. तिकिटाच्या कडेचा एक दात तुटला तर त्या बाई ते घेत नाहीत, आणि इथे भिंतीचे दात उपटले जात होते!

"ठेवा ते खाली! आत्ताच्या आत्ता!" बाई कडाडल्या.

"तुम्ही कोण हो?" एक गडी म्हणाला.

"मी सकाळपासून चिडलेली बाई आहे!"

गाडी रिकामी उतरली. बाईंनी तिथेच दगडावर बसून पत्र लिहिलं. एक ओळ नेस्टच्या हाताबद्दल, बाकी सगळं त्या भिंतीबद्दल. इतरांनीही लिहिली. कौन्सिलानं दगड हलवणं थांबवलंय, पण पुढच्या सभेपर्यंतच. साहेब आता म्हणतो, ती एका दिवसाची हौस होती. नेस्ट हसून नवीन पाकिटांवर ठसे मारत बसलीय. जिंकणार आम्हीच.

म्हणून हे वाचून झालं की कागद घ्या आणि आबरवेलच्या कौन्सिलाला लिहा, गडाचे दगड गडावरच राहू द्या. खाली नाव-पत्ता ठळक घाला. निनावी पत्रं ते टोपलीत टाकतात.