हवालदारबाई आणि माझी दोन पानं

आमच्या भागातल्या पोलीस चौकीत अल्पवयीन मुलांचं टेबल ज्या हवालदारबाई सांभाळतात, त्यांना सगळे मावशी म्हणतात. मायेचा भाग तिथेच संपतो. बावीस वर्षांची नोकरी, दुखरा गुडघा, म्हणून गणवेशाखाली खेळाचे बूट, आणि पुढ्यात जाडजूड रजिस्टर. पकडून आणलेल्या पोराचं नाव त्यात चढवायचं की समज देऊन घरी धाडायचं, हे मावशी ठरवतात. तेवढी मुभा त्यांना आहे. कशावरून ठरवतात, हे त्यांना कोणी विचारत नाही.

आज संध्याकाळी माझी सोळा वर्षांची कन्या तिथल्या बाकावर बसली होती. खालच्या मजल्यावरच्या काकांची स्कूटर घेऊन ती आणि इस्त्रीवाल्याची मुलगी फिरायला गेल्या आणि भिंतीला भेटून आल्या. दोघींना काही लागलं नाही. स्कूटरला लागलं.

"काय झालं ते लिहून द्या," मावशींनी कोरा कागद सरकवला. "आठला माझी ड्यूटी संपते. नंतरचे साहेब सरसकट सगळ्यांची नावं चढवतात."

लिहिणं हा तर माझा हातखंडा. कॉलेजात निबंधाचं पहिलं बक्षीस मलाच. दोन पानं लिहिली: अडनिडं वय, परीक्षेचा ताण, वाईट संगत, किल्ली गाडीलाच ठेवणारे निष्काळजी काका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं उतरलं होतं. माझ्या आलंही.

मावशींनी कागद नुसता उलटून पाहिला. "दोन पानं? बसा."

तेवढ्यात इस्त्रीवाला आला. त्याने उभ्या उभ्याच लिहिलं. मावशींनी मोठ्याने वाचलं, "गाडी न विचारता नेली. माझी पोरगी मागे बसली होती. तिलाही कळत होतं." मग कागद ठेवून त्याला म्हणाल्या, "जा घेऊन."

"चल, आता महिनाभर कपड्यांचे गठ्ठे तूच पोचव," बाकावरच्या आपल्या लेकीला म्हणत तो गेला. वाईट संगत ती हीच.

"मावशी, हे कुठल्या कलमात बसतं?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही. ज्यांचे आईबाप कारणं घेऊन येतात, ती पोरं वर्षाच्या आत परत येतात. मग मलाच उठबस. गुडघा आधीच दुखतो."

दुसऱ्या खेपेला एकच पान लिहिलं. पावणेआठ वाजले होते.

"ताई, यात तुम्ही आहात, शाळा आहे, काका आहेत. हिने काय केलं ते कुठंय?"

कन्या दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी असल्यासारखी नखं बघत होती. मी तिसरा कागद घेतला. 'माझ्या मुलीने शेजाऱ्यांची स्कूटर चोरली. तीच चालवत होती.' एवढं लिहायला दहा मिनिटं लागली.

"आता वाचा. मला नको, हिला."

मी तिच्यासमोर उभं राहून वाचलं.

"आई! चोरली काय म्हणतेस? परत आणणारच होते मी."

"भिंतीतून?" मावशी म्हणाल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मी धावून जाते, हे तिला सोळा वर्षांचं पाठ. मी जिभेवर आलेलं गिळलं. आठला दोन मिनिटं होती.

"चोरली," ती शेवटी म्हणाली. मग रडली.

नाव चढलं नाही.

"उद्या सहाला दोघी या. काका येतायत. हेच त्यांच्या तोंडावर सांगायचं."

"सहाला माझी मीटिंग असते," मी म्हटलं.

मावशींनी रजिस्टर पुढे ओढलं.

"येऊ आम्ही," माझ्याआधी मुलगीच म्हणाली.