भाऊजींचा उजवा कान

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी भाऊजींचं नाव घेतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडील मजुरीसाठी गावोगाव फिरायचे, म्हणून पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मी बहिणीकडे राहून शिकलो. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत पोरगं शिकलंच पाहिजे ही घरोघरची जिद्द होती. बहिणीचं गाव आसेगावच्या बाजूला, आणि शाळेची वाट नदीतून. पूल नव्हता. पावसाळ्यात पाणी छातीला लागलं की भाऊजी मला खांद्यावर घ्यायचे, माझ्या डोक्यावर दप्तर ठेवायचे आणि पाण्यात शिरायचे. असे सात पावसाळे. नववीत मिसरूड फुटल्यावर मला लाज वाटायला लागली. "उतरू द्या, मी पोहायला शिकतो," असं म्हटलं की ते खालूनच म्हणायचे, "तुह्यं काम कोरडं राह्याचं. वलं व्हाचं काम माह्यं."

त्यामुळे मी बी.ए.पर्यंत पोचलो, पण मला पोहता आलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी बहिणीकडे आलो होतो. उन्हाळ्यात नदी आटून तिचे डोह उरायचे, आणि गावाखालच्या डोहात, दोन पुरुष पाण्याखाली, खडकांच्या कपारीत झिंगे असायचे. निळसर, लांब नांग्यांचे, मनगटाएवढे. जाळ्यात ते क्वचितच येत. भाऊजी बुडी मारून हातानं धरायचे. विकायला नाही, पोटासाठीही नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या मळ्यात राबलं की रविवारी डोहावर जायचं, हा त्यांचा एवढाच एक शौक.

त्या वर्षी होळीच्या सुमारास त्यांनी सर्दी असताना बुडी मारली आणि डावा कान फुटला. मंगरूळपीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, आता पुन्हा खोल पाण्यात गेलात तर उजवाही जाईल.

बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. मी पोचलो त्या दुपारी ती भाकर थापत होती.

"डॉक्टरचं आइकत नाहीत थे," ती म्हणाली. "मांगच्या रविवारी गेलेच होते. मी काठावर बसून रडली तवा वर आले. दर रविवारी किती रडू?"

"मग मी काय करू?"

"त्याइले म्हण, मले शिकवा. तुले शिकवाच्या नादात तरी काठावर राह्यतीन."

"बाई, मला पाण्याची भीती वाटते."

"मले नाही वाटत काय? तू कधी काही मांगतलं नाही त्याइले. तुले नाही म्हणणार नाहीत."

मी मागितलं. भाऊजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. वाटलं, डाव ओळखला. ओळखला असेलही. मग उठून त्यांनी आढ्याला टांगलेले वाळके भोपळे खाली काढले.

भोपळे पाठीला बांधून मी आठ दिवस डोहाच्या कडेला पाय मारत होतो. एक म्हातारबा रोज म्हशी धुवायला तिथे यायचे. त्यांना फुकटचा तमाशा मिळाला.

"बीए साहेब बुडले त डिग्री वर तरंगन काय रे?" ते ओरडायचे.

भाऊजींना ऐकू जायचं नाही. ते मला विचारायचे, "काय म्हणून राह्यला बुढा?"

"म्हणतात, जमून राह्यलं."

"खोटं बोलतं. बुढा कोनाले चांगलं म्हणत नाही."

भोपळे सुटल्यावर बुडी आली. छातीशी धोंडा धरायचा आणि त्याच्या वजनानं खाली जायचं. जाता जाता नाक चिमटीत धरून कानात हवा सोडायची; हे त्यांनी मला दहादा करायला लावलं. खाली गेल्यावर घाई नाही. "अर्धा दम खाली, अर्धा वर याले. झिंग्याले पुरा दम देशीन त तुह्यापाशी काय राह्यते?" झिंगा पुढे पळत नाही, शेपटी आपटून मागे उडतो. म्हणून डावा हात समोरून दाखवायचा आणि उजवा मागच्या फटीशी तयार ठेवायचा. पोटाशी अंडी असली तर कितीही मोठा असो, सोडून द्यायचा.

त्यांनी एका पत्र्याच्या डब्याचा तळ कापून तिथे खिडकीची काच डांबरानं बसवली होती. काठालगतच्या खडकावर पालथं पडून डबा पाण्यावर टेकवला की मी खाली दिसायचो. तरी माझ्या कमरेला दोर असायचाच, त्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात.

"मनात दहा मोजले का एक झटका दे. मले आइकू येत नाही, पन हाताले समजते. झटका नाही आला त मी येतो."

"तुम्ही यायचं नाही."

"मंग झटका देजो."

पहिल्या दोन रविवारी मी नुसता खडकाला हात लावून आलो. वर आलो की भाऊजींच्या चेहऱ्यावर मी परीक्षा पास झाल्यासारखा आनंद असायचा. खरं सांगतो, मी शिकत होतो ते झिंग्यांसाठी नाही. मी थांबलो की ते उतरणार, एवढंच मला दिसत होतं. पण तिसऱ्या रविवारी मात्र मला स्वतःलाच ओढ लागली. खालचं हिरवट पाणी, कानातला तो मुका आवाज, उन्हाच्या हलत्या रेघा. मला तिथे बरं वाटायला लागलं, आणि तिथेच माझी चूक झाली.

मोठ्या खडकाच्या मागच्या अंगाला एका कपारीतून दोन लांब मिशा हलताना दिसल्या. मी खडकाला वळसा घातला. आता डब्यातून मी दिसत नव्हतो. दोर खडकाच्या धारेवर अडकून ताणला गेला, तेव्हा मी कमरेची गाठ सोडली. झिंग्याला डावा हात दाखवला. तो आत सरकला. मी वाट पाहिली. कॉलेजात शिकलेल्या माणसानं दहा आकडे मोजायचे होते; ते मी विसरलो. तो मागे उडाला तो थेट माझ्या मुठीत.

मूठ उंच धरूनच मी वर आलो. "भाऊजी!" म्हणून ओरडलो.

खडकावर कोणी नव्हतं. डबा आडवा पडला होता. दोर पाण्यावर सैल तरंगत होता.

म्हातारबा म्हशींतून उभे राहून हातवारे करत होते. "गेला ना थो! तुह्याच मांगं गेला!"

मी श्वास घेऊन पुन्हा खाली जाणार तोच खडकाच्या पलीकडे पाणी फुटलं. भाऊजी वर आले. उजव्या कानावर तळवा दाबलेला. मला पाहिलं आणि डोळे मिटून ते खडकाला टेकले. मी पोहत जवळ गेलो. काय काय बोलत होतो ते आठवत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, बोलणं पोचत नव्हतं. मग त्यांनी माझी मूठ धरली, हलक्या हातानं उलटी करून पाहिली.

"अंड्याची हाय," ते म्हणाले. "सोड."

मी सोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंगरूळपीरला गेलो. डॉक्टरांनी आत दिवा धरून पाहिलं. पडदा सुजला होता, फाटला नव्हता. हळूहळू येईल म्हणाले, पण पहिल्यासारखं नाही. बाई दोन दिवस आमच्या दोघांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजी तिला म्हणाले, "काही त बोल, नाही त मले वाटन हाही गेला." तेव्हा ती हसली आणि मग रडली.

मी ठरवलं होतं, पुन्हा पाण्यात जायचं नाही. भाऊजींना तसं सांगितलं, उजव्या बाजूनं, मोठ्यानं.

"बरं," ते म्हणाले. "मंग मी जातो."

पुढच्या रविवारी मीच गेलो. बाईनं स्वतः दोराला गाठी मारल्या, त्याही अशा की मला एकट्याला सुटू नयेत. दर दहाला मी झटका दिला, आणि वरून भाऊजी एक झटका परत द्यायचे. हे आमचं नवीन होतं. त्या दिवशी तीन झिंगे मिळाले, तिन्ही बिनअंड्याचे. बाईनं ते लसूण-मिरची कुटून तव्यावर परतले. म्हातारबांनाही वाटी गेली. "बीए पास," असा त्यांचा निरोप आला. विद्यापीठाचा निकाल त्यानंतर लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर मला केनवडला शाळेवर नोकरी लागली. तिथून भाऊजींना पाठवलेलं पहिलं पत्र बाईनं जपून ठेवलं होतं. ते तसंच देतो.

केनवड

ती. भाऊजींना सविनय जयभीम.

वाचणाऱ्यास विनंती, की भाऊजींच्या उजव्या हाताला बसून सावकाश व मोठ्याने वाचावे. मधेच त्यांनी मान हलवली तरी समजले असे धरू नये, पुन्हा वाचावे.

मी खुशाल आहे. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी घ्यायला उभा राहिलो. मनात दहा मोजले, मग आवाज फुटला. इथे डोह नाही. शाळेमागच्या मळ्यात विहीर आहे, मालक भला माणूस आहे, पोहू देतो. रोज सकाळी तळ गाठून येतो. वर येताना अर्धा दम शिल्लक असतो. दोर धरायला शाळेतला शिपाई काठावर बसतो, त्याला झटक्याचे सर्व समजावून दिले आहे.

बाईने कळवले की मागच्या रविवारी तुम्ही डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे होतात. कमरेपर्यंत चालेल. त्याच्या वर नाही. सात पावसाळे मला कोरडे ठेवलेत. आता तुमचे काम कोरडे राहायचे. ओले व्हायचे काम माझे.

दोर ओला ठेवू नका, कुजतो. काचेच्या डब्याचे डांबर सुटले असेल तर तसाच ठेवा, मी आल्यावर बसवतो. दिवाळीच्या सुट्टीत येतो. तोवर भोपळे आढ्यावरून काढू नयेत.