बन्सीच्या उजव्या हातानं तीन हात

बिडकीनला तेव्हा फूटपट्टी शाळेत असायची. गावाचं माप म्हणजे बन्सीनाना गवंड्याचा उजवा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या हातानं कुणाला ढळतं माप दिलं नाही आणि कुणाचं खाल्लंही नाही. म्हणून पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी तात्यासाहेबांनी घर बांधायला शफीच्या शेजारची जागा घेतली, तेव्हा उर्दू कागदात लिहिलं गेलं: ‘शफीच्या भिंतीपासून बोळ सोडावा, बन्सी गवंड्याच्या उजव्या हातानं तीन हात.’

त्यानंतर काही महिन्यांतच एका कामावर दगडाखाली सापडून त्या हाताची चारी बोटं दोन-दोन पेरांनी तोकडी झाली. दुसरा असता तर रडत बसला असता. नानांनी डाव्या हातात थापी धरली. डाव्या हातानं बांधलेल्या पहिल्याच भिंतीला पोट आलं, तर म्हणाले, “पोटुशी हाय, जपून ऱ्हावा.” दुसऱ्या दिवशी स्वतःच पाडून पुन्हा उभी केली. मी त्यांच्या समोरच राहायचो. मला हा माणूस फार आवडायचा, उगाच का लपवू?

पंधरा वर्षं गेली. शफी गेला, तात्यासाहेबही गेले. त्यांच्या मुलानं, काकासाहेबानं, बोळाच्या कडेनं कुंपणाची भिंत घालायला काढली. शफीची बायको जाहेदा कागद घेऊन आली आणि एकही शब्द न गाळता तिनं तो वाचून दाखवला.

“उजवा हात लिवलाय ना?” काकासाहेब म्हणाला. “मंग आज हाय तो हात लावा.”

माणूस वाईट नव्हता, पण नवी भिंत घालणाऱ्याची नियत चार बोटं सरकतेच. तोकड्या हाताच्या हिशेबानं तीन हातांत बोळ पाऊण वीत घटत होता. जाहेदाची म्हैस त्याच बोळातून मागच्या गोठ्यात जायची, तीही शिंगं सांभाळत, जेमतेम. बोळ घटला तर म्हैस विकावी लागणार, आणि म्हशीवर तर तिचं घर चालायचं.

“भाऊ, दुसरी वाट नाय रे मला,” ती काकासाहेबाला एवढंच म्हणाली.

नाना आले. शफीच्या भिंतीला कोपर टेकवून त्यांनी हात जमिनीवर ठेवला. तोकड्या बोटांपुढं डाव्या हाताच्या बोटांची दोन पेरं लावली आणि तिथं चुन्याची खूण केली. मग पुढचा हात.

“नाना, डावा हात कागदात नाय,” काकासाहेबानं टोकलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याच्या थोट्या हाताचा फायदा घ्यायचा म्हणजे काय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी मला हातानंच गप्प केलं.

“बरुबर हाय तुजं,” ते काकासाहेबाला म्हणाले. “कागदात उजवाच हाय. पर तो आख्खा. ऱ्हायलेला तुज्या घराच्या जोत्यात हाय. कोपऱ्याचा दगड बसवताना गेला. उकर, आन् जोडून मोज.”

काकासाहेब वळून आपल्या घराच्या कोपऱ्याकडं बघत राहिला. तो दगड कुठल्या घराचा हे आम्हालाही तोवर ठाऊक नव्हतं.

“तुजा बाप म्हणत व्हता, दगड काढू,” नाना म्हणाले. “मीच नगं म्हणलं. बसलेला दगड हालवू नाय.”

काकासाहेब खाली बसला. नानांची खूण होती तिथंच त्यानं स्वतः दोरी धरली. राहिलेला तिसरा हात नानांनी आपल्या पद्धतीनं, दोन्ही हातांनी मोजला, आणि तिथं काकासाहेबानं आपल्या हातानं चुना टाकला. जाहेदा पदरानं डोळे पुसत होती.

“नाना,” काकासाहेबानं विचारलं. “इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाय?”

“लहान व्हतास रं,” नाना म्हणाले. “त्या घरात झोपायला भ्याला असतास.”