आण्णांनी ब्रेकला तेल लावलं

आमच्या गावच्या विकास सोसायटीनं मुलींना सायकली वाटल्या तेव्हा मंडप होता, हार होते, चेअरमनचं लांबलचक भाषण होतं. ब्रेक तेवढे नव्हते. म्हणजे होते, पण दाबले की प्लास्टिकचे हात वाकायचे आणि सायकल आपली निघालीच पुढं. मेल्यांनी हारावर खर्च केला तेवढा ब्रेकवर केला असता तर!

ते दुष्काळाचं साल. टँकर वर सडकेवर थांबायचा आणि वस्ती उताराच्या तळाला. आई आन् आण्णा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार होते. मला दहावीला मागं राहायचं होतं. चुलती सांभाळायला तयार होती, पण तिनं तोंडावर सांगितलं, "पाणी तिचं तिनं आणायचं." आण्णा म्हणाले, "भरलेले कॅन सायकलीवर घेऊन उतार उतरून दाखव. न्हाई जमलं तर चल आमच्यासंगं."

मी बीडला जाऊन दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो लांब हातांचे ब्रेक गळ्यात मारत होता. त्यांना हँडलवरच्या दाबायच्या मुठीपण बदलाव्या लागतात, हे मी दुसऱ्या दुकानात विचारून आले होते. "मला कँटिलिव्हरच द्या," मी म्हटलं. आखूड लोखंडी हात, मधून एक वायर, आन् जुन्याच मुठीवर चालणारे. "पोरीच्या जातीला काय करायचंय गं एवढं?" म्हणाला. काय करायचंय! दात पाडावेसे वाटले.

बसवायला अख्खा दिवस गेला. स्प्रिंगचं टोक भोकात बसेना, बोटं सोलली. रबर रिमच्या बरोबर समोर आणलं, वायर ताणली, नट आवळले. चाक फिरवून मूठ दाबली की खट्‌कन थांबायचं. मी दहादा दाबून पाहिलं.

दसऱ्याला सकाळी टँकर आला. दोन कॅन बांधले आणि निघाले. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबले तर सायकल थांबायचं नावच घेईना! वळणावर बाभळीत घुसले. गुडघा फुटला, कॅन फुटले. लोक पळत आले ते सांडतं पाणी धरायला. मला कुणी हात दिला न्हाई.

रिमला हात लावला तर तेल. वर हळदकुंकू. आदल्या दिवशी खंडेनवमी, आण्णांनी कोयत्यांची पूजा केली, त्यांना तेल पाजलं आणि माझ्या सायकलीलाही चोळलं. चाकाला, रबराला, सगळ्याला.

मी चारचौघांत ओरडले, "अक्कल गहाण ठेवली का तुमी? ब्रेकला तेल लावतेत का कुणी?"

आण्णा खाली बघत म्हणाले, "कोयत्याला लावतो तसंच लावलं, माय. तुझं चांगलं चालावं म्हणून."

चुलती म्हणाली, "झालं, आता न्या तिला." ट्रक उद्या येणार होता आणि टँकर चार दिवसांनी. मी रडत, शिव्या देत राखेनं रिम घासली, सोड्यानं धुतली, रबरं दगडावर खरवडली. म्हटलं, पुन्हा उतरून दाखवते. चुलती म्हणाली, "रिकाम्या सायकलीवर कुणीबी उतरंल."

तेव्हा आण्णा उठले. "मी बसतो मागं. पाण्याहून जड हाय मी."

आई नको नको म्हणत राहिली. वर सडकेवर जाऊन ते कॅरिअरवर बसले. मी इतकी चिडलेली, की धरून बसा असंसुद्धा म्हटलं न्हाई. मुद्दाम जोरात सोडली सायकल. वळणाच्या अलीकडं दोन्ही मुठी दाबल्या. सायकल जागच्या जागी थांबली.

मागं बघितलं तर आण्णांनी डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही पाय वर घेतलेले. जमिनीला टेकवून मला मदत होऊ नये म्हणून.

"उतरा आता, थांबलीया," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रकात ते दोघंच चढले. मी दारातसुद्धा आले न्हाई. चेअरमनवरचा राग कधीच गेला, दुकानदारावरचाही गेला. त्या दिवशी दारात न आलेल्या पोरीवरचा अजून जात न्हाई.