बाबांचा वन्स मोअर

मंडळी, माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आज भंडाऱ्यात एका सभागृहात इटलीतल्या ऑपेराचं, म्हणजे तिथल्या संगीत नाटकाचं, चित्रीकरण पडद्यावर दाखवलं. बाबांना मी मुद्दाम कोंढ्याहून घेऊन आले. आमच्याकडे गावोगावी रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर पेटी वाजवलेला माणूस!

नायिकेचं विरहाचं गाणं संपलं आणि बाबा डोळे पुसत ओरडले, "वन्स मोअर!"

आयोजक तरातरा आले. "काका, हे तुमचं झाडीपट्टीचं नाटक नाही. इथं गप बसायचं असते."

त्यांच्या पाठीमागे, पडद्यावर, तिथले सुटाबुटातले प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत ओरडत होते. गायिका थांबून त्यांना मान लववत होती.

बाबा हळूच म्हणाले, "मंग त्यायले काहून नाही दटावून राहिले?"

आयोजक, वाचत असाल तर उत्तर द्या. बाबा वाट पाहत आहेत.